जनरेटर घेण्याआधी जागा ठरवा

आमच्या गावात डॉक्टरला औषधाखेरीज इतरही बऱ्याच गोष्टी विचारल्या जातात. मुलीला कोणत्या शाखेला घालू, पाण्याची टाकी कोणती घेऊ, इथपर्यंत. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘डॉक्टरसाहेब, उचलून नेता येईल असा छोटा जनरेटर घ्यावा म्हणतो. घरी वीज गेली की उपयोगी पडेल आणि सुट्टीत मुलांना घेऊन तंबूत राहायला गेलो तर तिकडेही नेता येईल. कोणता घेऊ?’

हा प्रश्न दुकानदाराला विचारावा, डॉक्टरचा त्यात काय संबंध, असे कुणी म्हणेल. माझे मत वेगळे आहे. जनरेटरचा निम्मा प्रश्न विजेचा असतो आणि निम्मा आरोग्याचा. दुकानदार विचारतो, ‘किती पंखे, किती दिवे चालवायचे?’ मी विचारतो, ‘ठेवणार कुठे?’ या दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने पेट्रोलचा जनरेटर घेऊच नये, असे मी स्पष्ट सांगतो.

कारण साधे आहे. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. धुराचा वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच घातक आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण त्याची या वायूशी जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. वायू एकदा चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. माणूस श्वास घेत असतो आणि तरीही मेंदू व हृदय उपाशी राहतात. एका छोट्या जनरेटरमधून शेकडो मोटारींइतका हा वायू बाहेर पडू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने दिलेला आहे.

लक्षणे अगदी मामुली वाटतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलटी, हातापायांतली शक्ती जाणे, गोंधळल्यासारखे होणे. रुग्णाला वाटते पित्त झाले, ऊन लागले किंवा बाहेरचे खाणे बाधले. काही वर्षांपूर्वी एका घरातील चौघे एकाच सकाळी माझ्याकडे आले. चौघांचेही डोके ठणकत होते, दोघांना उलट्या होत होत्या, ताप कुणालाच नव्हता. रात्री वीज गेली होती आणि पावसात भिजू नये म्हणून जनरेटर मागच्या पडवीत ठेवून दार ओढून घेतले होते. पेट्रोल संपून यंत्र मध्यरात्री आपोआप बंद पडले म्हणून ही मंडळी वाचली. एकाच छताखालच्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर आधी या वायूची शंका घ्यावी. झोपलेल्या किंवा मद्य घेतलेल्या माणसाला तर लक्षणे कळतच नाहीत. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक असतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेत त्या यंत्रावर विसंबू नका. ते प्राणवायू चिकटलेले आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. माणूस गंभीर असतानाही ते ९८ दाखवील. शंका आली की सर्वांना बाहेर काढा, १०८ क्रमांकावर फोन करा आणि रुग्णालयात पोचताच जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तासा-दीड तासात तो निम्म्यावर येतो. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे यांत वेळ घालवू नये.

मग जनरेटर ठेवावा कुठे? घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर आणि धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा. बंदिस्त गच्ची, जिन्याखालची जागा, गोठा, मोटारीचे शेड, अर्धे शटर ओढलेले दुकान, यांपैकी काहीही चालत नाही. खिडकी उघडली किंवा पंखा लावला म्हणजे भागते, हेही खरे नाही. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो, पण म्हणून डिझेलचे यंत्र खोलीत ठेवता येत नाही. ज्यांचे घर चाळीत किंवा फ्लॅटमध्ये आहे त्यांना वीस फूट मोकळी जागा मिळणार नाही. त्यांनी बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्यावा, हेच बरे.

बाहेरची उदाहरणे पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यावर लॉरा चक्रीवादळ आदळले. वादळातून वाचलेली कितीतरी माणसे वीज नसताना लावलेल्या जनरेटरच्या धुराने पुढच्या दिवसांत दगावली. त्याच वर्षी ३ जूनला आपल्या रायगड किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले आणि काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. असा प्रसंग आपल्याकडे पुन्हा येणार नाही, असे कोण सांगेल?

तंबूचीही तीच कथा. भंडारदऱ्याला काजवे पाहायला, पवना धरणाच्या काठी किंवा एखाद्या गडाच्या पायथ्याला हल्ली पुष्कळ कुटुंबे मुक्काम करतात. तंबू म्हणजे कापडाची बंद खोलीच. त्याला लागून जनरेटर लावणे किंवा आत कोळशाची शेगडी ठेवणे सारखेच जिवावरचे आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक मरण पावले. त्यांत चार मुले होती. खरे तर एका रात्रीच्या मुक्कामाला दोन दिवे आणि मोबाईलपुरती वीज लागते. तेवढ्यासाठी भरून नेता येणारी बॅटरी पुरते. आणि काजवे पाहायला अंधार व शांतता हवी. तिथे यंत्राची धडधड कशाला?

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ. घरातील उपकरणांचे वॅट कागदावर मांडा. पंखा साधारण ७५, एलईडी दिवा ९, फ्रिज दीडशे ते दोनशे. मात्र फ्रिज आणि पाण्याचा पंप सुरू होताना काही क्षण कित्येक पट वीज ओढतात. एक केव्हीएचा जनरेटर म्हणजे सुमारे ८०० वॅट. त्यावर पंखे, दिवे, टीव्ही चालतील, एक अश्वशक्तीचा पंप चालणार नाही. घरात प्राणवायूचे यंत्र लागणारा रुग्ण असेल तर पाच लिटरच्या यंत्राला सुमारे ३५० वॅट धरा आणि वीज मध्येच तुटू नये म्हणून बॅटरीची सोय वेगळी ठेवा. इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर महाग पडतो, पण तो आवाज कमी करतो, भार कमी असेल तेव्हा पेट्रोल कमी खातो आणि नाजूक उपकरणांना मानवतो. आवाजाचा विचार शेजाऱ्यांसाठीही करा. वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्याने आहे. पलीकडच्या घरात रक्तदाबाचा रुग्ण किंवा तान्हे मूल झोपलेले असते.

आणखी दोन गोष्टी. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटात खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेते. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. तसेच चालू किंवा गरम यंत्रात पेट्रोल ओतू नका आणि पेट्रोलचा कॅन स्वयंपाकघरात ठेवू नका.

माझे म्हणणे दुकानदारांनाही आहे. गिऱ्हाइकाला हमीपत्र देता, तसे ‘घरात चालवू नये’ हे तीन शब्द मराठीत लिहून यंत्रावर चिकटवा आणि तोंडीही सांगा. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि ती कपाटात जाते. सांगितलेले मात्र लक्षात राहते.

वाचकहो, वीज गेली तर रात्र उकाड्यात जाते, एवढेच. पंख्याशिवायची रात्र सकाळी संपते. म्हणून ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी आज संध्याकाळीच तो कुठे ठेवला आहे ते पाहावे, आणि वीस फूट मोजावेत.