क्लॅटमध्ये पोरं कायद्यावर नाही, इंग्रजीवर अडकतात

बारावीचं वर्ष. पोरगं घरी जाहीर करतं, वकील व्हायचंय. कुणीतरी सांगतं, क्लॅट दे. जुना पेपर डाउनलोड होतो आणि कायद्याच्या आधी लांबलचक इंग्रजी उतारेच अंगावर येतात.

हे असं का? तर २०२० पासून क्लॅटचा साचाच बदलला. घोकलेल्या माहितीपेक्षा वाचून समजून घेण्यावर भर आला. चालू घडामोडी असोत, तर्क असो की गणित, आधी उतारा वाचायचा, मग उत्तर द्यायचं. आता प्रश्न १२० आणि मिनिटंही १२०, उतारे वाचायचा वेळ त्यातच धरायचा. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कट.

गंमत म्हणजे, कायद्याच्या विभागासाठी कायदा आधी शिकलेला असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा. हे डोकं गावाकडच्या पोरात कमी असतं का? बांधाचे वाद ऐकतच तर मोठी झालीत ती! पण पेपर फक्त इंग्रजीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर वाट याच पेपरातून जाते. आणि आपल्या तालुक्याच्या कोर्टाची भाषा मात्र मराठी.

ही परीक्षा भारतीय भाषांतूनही व्हावी, अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात झाली होती. बार कौन्सिल ऑफ इंडियानेही त्या मागणीला पाठिंबा दिला.

तोवर काय करायचं? एकतर राज्याच्या लॉ सीईटीचा फॉर्म नक्की भरा. ती मराठीतूनही देता येते, चुकीला मार्क कापत नाहीत, आणि मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस यांची वाट तिथूनच जाते. तिला दुय्यम समजू नका.

क्लॅट द्यायचीच असेल तर हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी एक करून बघा. एखाद्या निकालावरचा मराठी अग्रलेख वाचा आणि लगेच त्याच विषयावरचा इंग्रजी. मुद्दा आधीच कळलेला असला की अनोळखी शब्द तितके अडवत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी घड्याळ लावून जुना पेपर सोडवा आणि कुठल्या उताऱ्यावर किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. मार्क नंतर मोजा.