आजीची गोळी आणि नातवाची न्याहारी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात एक बदल दिसतो. मुलांना घेऊन येणाऱ्या आया कमी होतात, आज्या वाढतात. मुलगा-सून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत घर आजीवर. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत; पण दोन वर्षांच्या पोराची तिथं सोय नसते.

गेल्या हंगामात अशाच एका साठीच्या आजीला शेजाऱ्यांनी जीपमधून आणलं. घामानं चिंब, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. रक्तातली साखर तपासली तर ४८! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत बाई शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न, "लेकरू कुठंय?" पेटत्या चुलीपाशी ती कोसळली होती. दोन वर्षांचा नातू शेजारी बसून होता.

गोळ्या वेळेवर घेता का, असं आपण डॉक्टर विचारतो. ती घेत होती, अगदी नेमानं. म्हणून मी तिला सकाळपासूनचं सगळं सांगायला लावलं. पाचला उठणं, पाणी भरणं, शेळी सोडणं. सहाला चहा आणि चहाआधी मधुमेहाची गोळी, कारण चिठ्ठीवर 'रिकाम्या पोटी' लिहिलेलं. तेवढ्यात नातू उठतो. त्याचं शी-शू, आंघोळ, मग दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन त्याच्या मागं अंगणभर फिरणं. "त्यानं खाल्ल्याबिगर म्या कशी खाऊ?" तिच्या तोंडात पहिला घास पडतो दहा-साडेदहाला, तोही बहुधा त्याचा उरलेला.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी खाल्लेलं अन्न येणार या हिशेबानं काम करते. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. अन्न आलंच नाही तरी इन्सुलिन सुटतंच आणि साखर घसरत जाते. (मेटफॉर्मिन एकटं असेल तर हा धोका फार कमी.) 'रिकाम्या पोटी' म्हणजे जेवणाच्या अगदी आधी, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. आजीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. चूक तिची नव्हती, आमची होती.

दुसरी गोष्ट तिच्या पिशवीत निघाली. गोळ्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात, आणि डबा चुलीजवळच्या कोनाड्यात. रांगणाऱ्या-धावणाऱ्या मुलाच्या हाताला सहज येईल असा. याच जातीची एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी उतरवू शकते, आणि परिणाम काही तास उशिरानंही दिसतो. मुलानं गोळी तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, तरी ते खेळतंय म्हणून थांबू नये. सरळ रुग्णालय गाठावं. १०८ आहेच.

माझं म्हणणं एवढंच की नातवाला सांभाळणाऱ्या बाईचं औषध तिच्या वयावरून नव्हे, तिच्या दिवसावरून ठरवायला हवं. लसीकरणाच्या दिवशी आजी नातवाला घेऊन न चुकता येते. त्याचं वजन होतं, लस टोचली जाते, अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. गरोदर बायांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र तिथंच टेबलावर असतं. ते आजीच्या दंडाला का बांधू नये? तीस वर्षांवरच्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, पण त्यासाठी तिनं वेगळ्या दिवशी यावं अशी आपली अपेक्षा. पोराला कुणाच्या जिवावर टाकून यायचं? प्रकृती स्थिर असेल तर तिला महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायलाही कुणाची हरकत नसावी. शहरात नोकरदार लेकी-सुनांची मुलं सांभाळणाऱ्या आज्यांचीही न्याहारी अशीच मागं पडते. तिथं चुलीऐवजी गॅस असतो, इतकंच.

आम्ही तिची गोळी बदलली, वेळही बदलली. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर आधी खाली बसून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, हे शेजारणीलाही शिकवलं.

संक्रांतीनंतर ती नातवाला खोकला झाला म्हणून आली. विचारलं, डबा कुठं ठेवता आता?

"आढ्याला टांगलाय. त्याला दिसतो, पण गावत न्हाई."

आणि न्याहारी?

"आधी म्या अर्धी भाकर खाते," ती जरा ओशाळून म्हणाली, "मग त्याच्या मागं पळते."