बंधारा आहे, जागल्या कुठे आहे?

पांझरा नदी पिंपळनेरच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते, साक्री आणि धुळे ओलांडते व मुडावदजवळ तापीला मिळते. नकाशावर ती लहानच दिसते. तरीही महाराष्ट्राच्या सिंचनाचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही. फड पद्धतीचे बंधारे तिच्या पात्रात, आणि शेजारच्या बागलाणात मोसम व आरम यांच्या पात्रांत, तीनेकशे वर्षांपासून नांदत आले आहेत.

फडाची स्तुती आपण पाणीवाटपासाठी करतो: सामाईक पीकनिवड, ठरलेली पाळी, गावाचा निवाडा. ती रास्तच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. हा बंधारा नदीला कोंडत नसे. पाण्याची पातळी थोडी उचलून ते पाटात वळवायचे आणि पूर माथ्यावरून जाऊ द्यायचा, एवढेच त्याचे काम. पाटात मावेल त्याहून अधिक पाणी शिरले, तर ते पुन्हा नदीत सोडण्यासाठी सांडम असे. म्हणजे धोक्याची वाट बांधतानाच आखलेली होती. आणि या सगळ्यावर माणूस होता. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. दोघांचा मोबदला लाभधारक शेतकरीच देत.

नदी तेव्हाही सौम्य नव्हती. १८१९मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, आणि १८७२च्या पुराने त्याच धुळ्यातील घरांची मोठी हानी केली. १८८४मध्ये सरकारी नोकरीत आलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना दातर्ती येथे पांझरेखालून नळाचे वक्रनलिका-काम करावे लागले, तेही पुराचा व्यत्यय सोसून. (त्यांच्या म्हैसूरच्या कीर्तीखाली हा खानदेशी आरंभ झाकला गेला आहे, हे जाता जाता.)

आज पांझरेवर अक्कलपाडा धरण आहे. उन्हाळ्यात त्यातून सोडलेल्या आवर्तनावर नदीकाठच्या गावांच्या विहिरी तग धरतात. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच पात्राने धुळे शहरात पूर आणला. मधल्या टप्प्यांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढायच्या आणि पाऊस ओसरला की बसवायच्या. हे वेळेवर झाले नाही, तर अडलेला पूर बाजूचा काठ कापून निघतो. फळ्या चोरीस गेल्या, तर हिवाळ्यात बंधारा कोरडा. दोन्ही वेळी दोष नदीला दिला जातो.

त्याहून गंभीर गोष्ट बंधाऱ्याच्या पायथ्याशी घडते. माथ्यावरून कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटते. वरून ते फेसाळ, खेळकर दिसते. आत सापडलेल्या पोहणाऱ्याला मात्र ते पुनःपुन्हा भिंतीकडेच ओढते. काठावरचा मित्र वाचवायला उडी घेतो आणि एकाचे दोन होतात. अशी बातमी आली की आपण मुलांच्या बेफिकिरीवर बोलतो. ज्या मुलाला हा उलटा ओघ कोणी कधी समजावलाच नाही, त्याला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जळगाव जिल्ह्यात गिरणेवरील सात बलून बंधाऱ्यांची मागणी वर्षानुवर्षे गाजते आहे. चाळीसगाव तालुक्यातील जामद्याचा एकोणिसाव्या शतकातील बंधारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही मागणी समजेल; मलाही ती योग्य वाटते. पण त्या चर्चेत उंची येते, साठा येतो, निधी येतो. बंधारा झाल्यावर तिथे रोज कोण उभे राहणार, हे येत नाही.

माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक बंधाऱ्यावर त्याच गावातील एक पगारी माणूस असावा. फळ्यांची नोंद, आवर्तन सुटण्याआधी काठावर दवंडी, पायथ्याशी उतरण्यास मनाई आणि हाताशी एक लांब दोर, ही त्याची कामे. पाटबंधारे खात्याने पगार द्यावा, ग्रामपंचायतीने माणूस निवडावा. पदनाम नवे शोधण्याची गरज नाही. जागल्या हा शब्द पांझरेकाठी अजून समजतो.