मोजण्याचा अधिकार परिचारिकेलाही हवा

बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, प्रकल्पही आहे. परंतु अनेक ठिकाणी व्याख्या पाठ केल्या जातात, जुनी प्रश्नावली थोडी फिरवून पुन्हा वापरली जाते आणि प्रकल्पाची बांधीव प्रत कपाटात जाते. ज्या वॉर्डात विद्यार्थिनी राबते, त्या वॉर्डाविषयी प्रश्न विचारण्यास मात्र तिला कोणी शिकवीत नाही.

हा केवळ अध्यापनाचा दोष नव्हे. विचार डॉक्टरांनी करावा आणि हात परिचारिकेने चालवावेत, ही रुग्णालयात मुरलेली श्रमविभागणी त्याच्या मुळाशी आहे. जातिव्यवस्थेने बुद्धी आणि श्रम यांची जी फारकत केली, तिचीच ही नवी आवृत्ती होय.

वस्तुतः आधुनिक परिचर्येचा पाया मोजणीवर उभा आहे. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 साली आकृत्यांद्वारे दाखविले, आणि त्यामुळे लष्करी आरोग्यव्यवस्थेतील सुधारणांना बळ मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या प्रयोगात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची तपासणी केली, नोंदी ठेवल्या, उपचारही केले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा त्या 39 गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मग प्रशिक्षित परिचारिकेला हे का जमू नये?

शिकविण्याची रीत अवघड नाही. चार विद्यार्थिनींनी एक वॉर्ड घ्यावा. महिनाभर रोज किती रुग्ण होते, किती जणांना नवे बेडसोअर झाले, कोणाची कूस किती वेळा बदलली, रात्रपाळीला परिचारिका किती होत्या, हे लिहावे. नुसती संख्या पुरेशी नाही. तिला एकूण रुग्णदिवसांनी भागावे लागते. त्यानंतर कूस बदलण्याचा तक्ता लावून पुन्हा महिनाभर मोजावे. प्रमाण घटले, तर ते तक्त्यामुळे की त्या महिन्यात रुग्णच कमी गंभीर होते म्हणून? या वादातूनच विद्यार्थिनी संख्याशास्त्र शिकते. रुग्णाची संमती व त्याच्या माहितीची गुप्तता यांचेही भान तिला तेथेच येते.

आधीच मनुष्यबळ अपुरे असताना हा भार कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण मनुष्यबळ अपुरे आहे, हे सिद्ध करणारा पुरावा याच नोंदींतून उभा राहतो. ‘कामाचा ताण फार आहे’ ही तक्रार व्यवस्थापन कानाआड करते. रात्रपाळीला परिचारिका कमी असताना बेडसोअर वाढल्याची नोंद कानाआड करणे तितके सोपे नसते. धोका आहे तो याच आकड्यांचा वापर परिचारिकेलाच दोषी ठरविण्यासाठी होण्याचा. म्हणून नोंदी व्यवस्थेच्या असाव्यात, व्यक्तीच्या नव्हेत.

यासाठी विद्यार्थिनींना फुकटचे मनुष्यबळ समजणे थांबले पाहिजे. संशोधनाचे तास ड्यूटीच्या वेळेतच मिळाले पाहिजेत आणि निष्कर्ष वॉर्डात सर्वांसमोर मांडले गेले पाहिजेत. परिचारिकांच्या संघटनांनी वेतनाइतक्याच आग्रहाने ही मागणी लावून धरावी. स्वतःच्या श्रमाचे मोजमाप ज्यांच्या हाती नाही, त्यांच्या श्रमाचे मोल नेहमी दुसरेच ठरवितात.