लेहमधला फ्लश

मराठी टूर कंपन्यांच्या लडाख सहलींच्या जाहिराती पाहा. पँगाँग, खारदुंग ला, रोज वरण-भात आणि खोलीलाच जोडलेलं, चोवीस तास गरम पाण्याचं बाथरूम. यातलं शेवटचं आश्वासन लेहला फार महाग पडतं. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवरचं हे शहर. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. त्यापुढे आपला माणदेश ओलाचिंब म्हणायचा.

अशा मुलखात लडाखी माणसाने शौचाचा प्रश्न पाण्याविनाच सोडवला. घराला लागून दुमजली संडास. वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. उठताना दोन फावडी माती खाली लोटायची, चुलीतली राखही तिथेच. खालची खोली बंद, तिला बाहेरून छोटं दार. वसंत आला की ते दार उघडायचं आणि आतलं खत शेतात न्यायचं. हे काही केवळ स्वच्छतेसाठी नव्हतं. इथे सरपणाला झाडं नाहीत, त्यामुळे याकचं आणि गाईचं शेण हिवाळ्यात चुलीत जातं. मग वर्षाला एकच पीक देणाऱ्या रेताड जमिनीत सातू पिकवायचा तर खत आणायचं कुठून? संडासातून. तो शेतीचाच एक भाग होता.

१९७४मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि त्यांच्यामागून फ्लश आला. हॉटेलं वाढली, हॉटेलागणिक बोअरवेल आली आणि तिच्या शेजारीच सेप्टिक टँक. वरून उपसायचं आणि खाली झिरपू द्यायचं, असा हा कारभार. टाक्यांतला गाळ शुद्ध करणारं पहिलं केंद्र लेहला मिळालं ते २०१७मध्ये. हिवाळ्यात नळ गोठले की फ्लशवाली घरंही मुकाट्याने जुन्या संडासाकडे वळतात. पर्यटक तोवर परतलेले असतात.

लडाखी संडास निर्दोष आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. मैल्यातले जंत आणि जंतू मरायला वेळ लागतो, थंडीत तर फारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड हवेत मैला दीड ते दोन वर्षं साठवावा लागतो, २० अंशांच्या वर तापमान असेल तर वर्षभर पुरतं. म्हणजे लेहमध्ये दर वसंतात दार उघडणं घाईचंच. उपाय सोपा आहे : दोन कप्पे, एक वापरात आणि एक मिटलेला. गंमत अशी, की हे तंत्र लडाखपेक्षा उन्हाने भाजणाऱ्या मराठवाड्यात जास्त चांगलं चालेल. धुण्याच्या पाण्याचं काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. तामिळनाडूतल्या मुसिरीत त्याचं उत्तर वापरात आहे : भांड्यातच मैला, लघवी आणि धुण्याचं पाणी यांच्या तीन वेगळ्या वाटा.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे कोरडा संडास म्हटलं की कुणाच्या तरी डोक्यावरची पाटी आठवते, आणि ती आठवायलाच हवी. १९९३च्या कायद्याने कोरडे संडास बांधायला बंदी घातली ती त्यासाठीच. २०१३च्या कायद्याने रेघ नेमकी ओढली : पूर्ण कुजण्याआधी मैला हाताने काढावा लागत असेल तो संडास अस्वच्छ. कुजून माती झालेलं खत त्यात येत नाही. कोकणात हे आप्पा पटवर्धनांना फार आधी उमगलं होतं. भंगीकाम करू द्या म्हणून १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण करणारा हा माणूस. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास घडवला. ज्याचा मैला त्याने खत करावं आणि ते घाण न राहता माती होऊन हाती यावं, हा त्यामागचा विचार. कणकवलीत पाऊस काही कमी पडत नाही. त्यांना पाणी वाचवायचं नव्हतं, माणूस वाचवायचा होता.

आणि ज्या फ्लशला आपण प्रगती समजतो, त्याच्या सेप्टिक टँकमध्ये उतरून आजही माणसं गुदमरून मरतात. मरणारे कोणत्या वस्तीतले असतात, हे वेगळं सांगायला नको.

पाणी असेल तिथे दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तमच. तांब्या-दोन तांब्यांत त्याचं भागतं. पण फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीत तेही पाणी बाईच्या डोक्यावरून येतं. अशा गावांच्या ग्रामपंचायतींनी एखाद्या वाडीत दोन कप्प्यांचा, बिनपाण्याचा संडास बांधून पाहावा. फक्त कप्पा कोण उघडणार, हे आधी ग्रामसभेच्या ठरावात लिहावं. ते काम ठरावीक वस्तीच्याच वाट्याला जाणार असेल, तर बांधू नये.