भंगारवाल्याआधी सुताराला बोलवा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका नव्या घराच्या आशीर्वादासाठी मला बोलावणे आले. वसईच्या आमच्या पट्ट्यात अशी बोलावणी आता वरचेवर येतात. जुने कौलारू घर पाडून त्याच जागी दुमजली बंगला उभा राहिला होता. दिवाणखान्यात बसणाऱ्याला गिळून टाकील असा खोलगट सोफासेट. खऱ्या छताखाली दुसरे खोटे छत आणि त्यात निळे-पिवळे दिवे. भिंतभर सनमायकाचे कपाट. आणि उरलेल्या कोपऱ्यात, विजेच्या बटणांच्या वर, आल्तार. पवित्र पाणी शिंपडत मी एकेक खोली फिरलो. मागच्या दाराशी पोहोचलो तेव्हा घरातल्या आजी हळूच म्हणाल्या, "फादर, जरा तिकडेपण शिंपडा."

तिकडे म्हणजे परसात, मोडलेल्या घराच्या ढिगावर. तुळया, वासे, दोन भक्कम दारे, गजांच्या खिडक्या आणि सर्वांच्या वर, पाय आभाळाकडे करून पडलेला आजींचा सागवानी पलंग. "चारी पोरं त्याच्यावरच झाली," त्या म्हणाल्या. मुलगा लगबगीने पुढे आला. "फादर, ते भंगार आहे. उद्या गाडी येतेय." आजी गप्प झाल्या. मीही गप्प झालो. दोन थेंब तिकडे उडवले खरे, परंतु तोंडातून शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून मनाला लागून राहिली आहे. हा लेख त्या टोचणीपोटी लिहीत आहे.

मला जे म्हणायचे आहे ते आडपडदा न ठेवता सांगतो. जुने घर पाडणे हा गुन्हा नव्हे. कुटुंब वाढते, कौले गळतात, भिंतींना ओल येते. नवे घर बांधावेच लागते. परंतु जुन्या घराचे हाडामांसाचे लाकूड कवडीमोलाने भंगारात घालायचे आणि नव्या घरात कर्ज काढून भुशाचे फर्निचर आणायचे, ही प्रगती नव्हे. हा अज्ञानाचा व्यवहार आहे, आणि त्यापेक्षाही अधिक तो लाजेचा व्यवहार आहे. आपल्याला आपल्या वाडवडिलांच्या साधेपणाची लाज वाटू लागली आहे. आणि त्या लाजेची किंमत आपण मासिक हप्त्यांनी फेडत आहोत.

आधी त्या ढिगात काय होते ते पाहू. पाऊणशे-शंभर वर्षे छपराखाली मुरलेले सागवान. सागाच्या गाभ्यात उपजतच तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. जुन्या काळचे लाकूड सावकाश वाढलेल्या, पूर्ण वयात आलेल्या झाडांचे असे. आज लागवडीचा साग कोवळ्या वयात तोडला जातो. त्यात पक्का गाभा कमी आणि बाहेरचे फिकट, कच्चे लाकूड अधिक. शिवाय जुन्या वाशाला जेवढे वाळायचे, आखडायचे, वाकायचे ते सारे वाकून झालेले असते. तो पुन्हा दगा देत नाही. कौलांचेही तसेच. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांवर चढली. आपल्या माळ्यावर चढून एखादे कौल उलटे करून पाहा. कारखान्याचे नाव अजून स्पष्ट वाचता येईल. इतक्या पावसाळ्यांनी जे पुसले गेले नाही, ते आपण एका दुपारी हातोड्याने फोडून भरावात टाकतो.

आणि नवीन म्हणून आपण जे आणतो, ते काय असते? पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि रासायनिक गोंद यांची दाबून केलेली पाटी. वरून सुंदर कागद चिकटवलेला. आपल्या समुद्रकाठच्या हवेत तिच्या कडा फुगतात, स्क्रू पकड सोडतात, आणि एकदा निखळलेले बिजागर पुन्हा त्या जागी धरत नाही. सुतारसुद्धा हात टेकतो. तिच्या गोंदात बहुधा फॉर्माल्डिहाइड असते. ते हळूहळू घरातल्या हवेत उतरते. माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची नोंद केली. चांगल्या प्रतीचे, कमी उत्सर्जनाचे प्लायवूड मिळते, हे मान्य. पण हप्त्यांवर घर सजवणाऱ्याच्या वाट्याला ते किती येते?

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांना बगल देणे मला बरे वाटत नाही.

पहिला आक्षेप: "लोक काय म्हणतील?" लग्नाची सोयरीक ठरवायला आलेल्या पाहुण्यांना जुन्या बाकावर बसवायचे काय? माझा उलट प्रश्न असा आहे की, जे पाहुणे बाकावरून माणसे जोखतात, त्यांच्या घरी तुम्ही मुलगी का देता? आपले आजोबा-पणजोबा वाडीत राबून, केळी-भाजीच्या पाट्या वाहून ज्या तुळया घरावर चढवून गेले, त्या तुळया आपल्या गरिबीची खूण नाहीत. त्या कष्टाच्या खुणा आहेत. खरी गरिबी हप्ता चुकल्यावर बँकेचा माणूस दारात येतो तेव्हा कळते. अशी कुटुंबे माझ्याकडे येतात. सोफ्यावर बसून नवरा-बायको सोफ्याच्याच कर्जावरून भांडतात, हे मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: "फादर, जुन्या लाकडाला सुताराची मजुरीच इतकी लागते की त्यात नवीन येते." काही बाबतींत हे खरे आहे. खिळे उपटणे, रापलेला थर रंध्याने काढणे, वाकडे सरळ करणे हे वेळखाऊ काम आहे. परंतु हिशेब पुरा करा. नवीन कपाट दहा-बारा वर्षांत उकिरड्यावर जाते आणि पुन्हा पैसे मागते; सागवानी बाक तुमच्या नातवंडांनाही पुरतो. मजुरीचा पैसा कुठे जातो, हेही विचारा. तो गावातल्या सुताराच्या चुलीपर्यंत पोहोचतो. आपल्या गावांतून रंधा आणि पटाशी धरणारे हात झपाट्याने कमी होत आहेत, कारण आपणच त्यांना काम देणे सोडले. ज्या प्रभूला लोक सुताराचा मुलगा म्हणून हिणवीत, त्याचे नाव आपण लावतो. आणि आपल्याच आळीतला सुतार बेकार बसतो!

तिसरा आक्षेप माझ्यावरच आहे: "तुम्हाला काय, तुम्हाला संसार नाही. बंगला तुम्हाला आयता मिळतो." हा टोला मला लागतो, आणि लागायलाच हवा. म्हणून माझा स्वतःचा अपराध येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात असताना मंदिराच्या महोत्सवी वर्षासाठी आम्ही जुने सागवानी बाक काढून टाकले. "जुनाट दिसतात," एवढेच कारण. एका घाऊक व्यापाऱ्याने ते टेम्पोत भरून नेले आणि आम्ही गुळगुळीत, चकचकीत नवे बाक बसवले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगल्या. आणि गुडघे टेकण्याच्या फळ्या कुरकुरू लागल्या. पुढे एकदा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एका नातेवाइकासोबत गेलो असता, टोकाला कोरलेला क्रूस असलेला एक बाक मला दिसला. तो आमचाच होता असे मी शपथेवर सांगणार नाही. पण दुकानदाराने त्या एका बाकाची सांगितलेली किंमत आम्हाला डझनभर बाकांच्या मिळालेल्या पैशांहून अधिक होती. मी मान खाली घालून बाहेर पडलो.

आम्हा धर्मगुरूंना तर सबबही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या समारोपाच्या सुमारास, १६ नोव्हेंबर १९६५ रोजी, रोममधील दोमितिलाच्या भुयारी दफनभूमीत सुमारे चाळीस बिशप एकत्र आले आणि घर, अन्न व प्रवास यांबाबतीत आपल्या सामान्य लोकांसारखेच राहण्याचा त्यांनी करार केला. त्या कराराचे स्मरण आमच्या बंगल्यांच्या बैठकीच्या खोल्यांत बसून करावे, म्हणजे कोठे घसरलो ते कळेल.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने लॉरी बेकर यांचे काम पाहावे. हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९१७ साली जन्मलेला क्वेकर पंथीय वास्तुतज्ज्ञ. चाळीसच्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. टाकाऊ चिंध्यांपासून त्यांनी स्वतः बनवलेल्या जोड्यांकडे गांधीजींचे लक्ष गेले, अशी आठवण सांगितली जाते. घर शक्यतो पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून बांधावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर बाळगला. केरळात त्यांनी पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या विकत घेऊन नव्या घरांना बसवल्या, फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांची जमीन केली, टाकून दिलेली मंगळुरी कौले स्लॅबच्या पोटात घालून सिमेंट आणि लोखंड वाचवले. तिरुवनंतपुरमच्या लोयोला चॅपेलचे काम त्यांनीच केले. गिलावा न केलेल्या साध्या विटांत प्रार्थनेची जागा किती गंभीर आणि सुंदर होते, ते तेथे दिसते. २००७ साली ते निवर्तले. त्यांनी गरिबांसाठी आणि श्रीमंतांसाठी वेगवेगळी तत्त्वे कधी वापरली नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

ही गोष्ट मोलाची वाटण्याचे कारण असे की, आता दुसऱ्या टोकाचेही ढोंग बोकाळले आहे. जे दार आपण भंगारात देतो, ते शहरातला धनिक 'अँटिक' म्हणून विकत घेतो, काच लावून दिव्याखाली ठेवतो, आणि पाहुण्यांना किंमत ऐकवतो. मुद्दाम ओरखडे काढून जुनी दिसणारी नवी टेबलेही आता मिळतात! साधेपणा विकत घेऊन मिरवला की तो साधेपणा उरत नाही. ती श्रीमंतीचीच नवी वर्दी होते. मी तुम्हाला त्या बाजारात पाठवीत नाही. तुमच्या परसात जे पडले आहे, त्याच्याकडे फक्त डोळे उघडून पाहा म्हणतो.

आता थोडे कामाचे. घर पाडण्याआधी, पाडल्यावर नव्हे, सुताराला बोलवा. दारे-खिडक्या चौकटीसकट, सांधे न मोडता उतरवून घ्या आणि जमिनीपासून उंच, छपराखाली रचून ठेवा. मोठ्या दाराचे जेवणाचे टेबल होते. वर नक्षी असेल तर ती पोटात घाला, सपाट बाजू वर करा. वाशांचा ओटीवरचा बाक होतो, तुळईच्या फळ्या कपाटाला पुरतात, खिडकीची झडपे भिंतीतल्या कपाटाला दारे होतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून शिकून घ्या. ती विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. आणि आल्तार बटणांच्या वर नको. जुन्या घराच्या चौकटीतल्या लाकडाची एक साधी फळी त्यासाठी राखून ठेवा.

परंतु जुने ते सर्व सोने, असे मात्र मी म्हणत नाही. ज्या लाकडातून पिठासारखा भुगा गळतो, त्यात किडा आहे. ते घरात घेऊ नका. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा फार संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. म्हणून तो रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, आणि असे लाकूड बाळाच्या पाळण्याला तर मुळीच वापरू नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे कापू नका, फोडू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. काय राखावे आणि काय सोडावे, हा विवेक साधेपणाचाच भाग आहे.

शेवटी पुन्हा त्या परसात जाऊ. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि ढीग गेला. आजींना नव्या खोलीत बॉक्सचा पलंग मिळाला. या पावसाळ्यात पवित्र कम्युनियन घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या त्या पलंगावर नव्हत्या. तो त्यांना फार बुटका पडतो, उठताना गुडघे साथ देत नाहीत. त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, जेथून पूर्वी तो ढीग दिसत असे. मुलगा वाईट नाही. आईवर त्याचे प्रेम आहे, तिच्या औषधपाण्यात तो कसर करीत नाही. फक्त, त्या दिवशी "थांब" म्हणणारे त्याला कोणी भेटले नाही. ते मी म्हणायला हवे होते.

वाचकहो, तुमच्याकडे घराच्या आशीर्वादाला मी येईन तेव्हा मला छतातले दिवे दाखवू नका. तुमच्या जुन्या घरातले काय नव्या घरात आले, ते दाखवा. तेथे मी आधी पाणी शिंपडीन.