ग्राफिक्स कार्ड : साठा नको, ऑर्डर पाहा

लॅमिंग्टन रोडवरून माल आणणाऱ्या पनवेलच्या संगणक दुकानदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्राफिक्स कार्डाचा भाव सरळ उतरत नाही. २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले आरटीएक्स ३०८० हे कार्ड २०२१ मध्ये दुपटीने विकले गेले. चिपांची टंचाई आणि आभासी चलनाचे 'खाणकाम' ही कारणे. २०२२ मध्ये भाव कोसळले. सप्टेंबरात इथेरियमचे खाणकामच बंद झाले आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. चढ्या भावाने साठा करणाऱ्यांचे भांडवल अडकले. म्हणून लहान दुकानदाराने बयाणा घेऊनच माल उचलावा. जुने कार्ड खाणकामात वापरलेले असेल, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. नफा कमी होईल, पण पत टिकेल.